मिशनरी एकटा नव्हता : दोन्ही बाजूंनी वगळलेल्या कुटुंबांविषयी

१/ मिशनऱ्यांचा विषय निघाला की समाजमाध्यमांवर दोनच चित्रे फिरतात. एकात दीनदुबळ्यांसाठी सर्वस्व सोडून आलेला गोरा देवमाणूस, दुसऱ्यात पाव दाखवून धर्म बाटवणारा साम्राज्याचा हस्तक. भक्त आणि निंदक हाडवैरी असले तरी एका बाबतीत त्यांचे एकमत आहे : मिशनरी म्हणजे एकटा पुरुष. हे एकमतच चुकीचे आहे. आपल्या मुलखात आले ते कुटुंब. ते नजरेसमोर ठेवले की दोन्ही चित्रे टिकत नाहीत.

२/ आधी ‘हस्तक’ या आरोपाविषयी. मराठी मुलखातील पहिले अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस उतरले, तेव्हा इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात युद्ध चालू होते. कंपनी सरकारने त्यांना बंदर दाखवण्याचीच तयारी केली होती. त्याच वर्षी कंपनीची सनद बदलली आणि मिशनऱ्यांना दार उघडले. ज्यांना सरकार हाकलू पाहत होते, त्यांना त्याच सरकारचे नोकर ठरवायचे असेल तर आधी हा तपशील खोडून काढावा लागेल.

३/ मात्र म्हणून मिशनला साम्राज्यापासून सोवळे ठरवणेही अप्रामाणिक होय. साताऱ्यात प्रतापसिंह महाराज १८३९ मध्ये पदच्युत झाले, १८४८ मध्ये शहाजीराजे वारले आणि राज्य खालसा झाले. अमेरिकन मराठी मिशनचे साताऱ्याचे ठाणे १८४९ चे. हा क्रम योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. मिशनरी इंग्रजांचा चाकर नव्हता, पण इंग्रजांनी बांधलेल्या रस्त्यावरून तो चालला, हे खरे. ‘चाकर’ आणि ‘लाभार्थी’ यांतला भेद ज्याला कळत नाही, त्याने इतिहासावर निवाडे देऊ नयेत.

४/ आता कुटुंबाकडे वळू. १८२५ मध्ये हॉल यांच्या पत्नी मार्गारेट मुलांच्या प्रकृतीसाठी त्यांना घेऊन अमेरिकेस निघाल्या. वाटेतच एक मूल गेले. पुढच्या वर्षी हॉल नाशिकजवळ पटकीने वारले. महाबळेश्वरी १८४३ मध्ये ॲलन ग्रेव्हज वारले, तरी त्यांच्या पश्चात पत्नीने या भागातील काम सोडले नाही. अमेरिकन बोर्डाच्या नोंदींत अशा स्त्रियांचा दर्जा होता ‘साहाय्यक मिशनरी’. शाळा ती चालवी, आजाऱ्यांचे ती पाही, घरात येणाऱ्या बायकांशी मराठीत ती बोले. अहवालावर सही मात्र पतीची.

५/ एकटी स्त्रीही आली. १८२७ मध्ये निघालेल्या सिंथिया फरार आधी मुंबईत आणि मग अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवीत राहिल्या व १८६२ मध्ये तेथेच वारल्या. जोतीराव फुल्यांनी नगरच्या त्यांच्या शाळा पाहिल्या होत्या. मुलींच्या शिक्षणाचा इतिहास सांगताना आपण फरारबाईंचे नाव एका वाक्यात उरकतो. भक्तांना त्यात पुरुषोत्तम सापडत नाही, निंदकांना कटकारस्थान सापडत नाही.

६/ ‘मिशनचा एकच छुपा अजेंडा होता’ म्हणणाऱ्यांनी कोल्हापूरचे वाइल्डर कुटुंब अभ्यासावे. रॉयल वाइल्डर आणि एलायझा १८५२ मध्ये कोल्हापुरास आले. १८५४-५५ मध्ये बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन हिंदुस्थानात आले आणि इंग्रजी शाळांवरचा खर्च कमी करून देशी भाषेतील उपदेशावर भर देण्याचे धोरण त्यांनी रेटले. वाइल्डर शाळांच्या बाजूने उभे राहिले. वाद इतका चिघळला की बोर्डाशी संबंध तुटले. १८६१ मध्ये हे कुटुंब बोर्डाविना, स्वतःच्या हिमतीवर कोल्हापुरास परतले. शाळा हव्यात की नकोत, यावरच आपसांत भांडणाऱ्यांचा ‘एकच अजेंडा’ कोणता, ते दाखवून द्यावे.

७/ या कुटुंबातील मुलांची गोष्ट तर दोन्ही चित्रांना उलथवते. रॉबर्ट वाइल्डर १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मला. १८८६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत माउंट हर्मन येथील विद्यार्थी मेळाव्यात परदेशी सेवेचा संकल्प करणाऱ्या १०० तरुणांमागे त्याचीच प्रेरणा होती. त्यातून उभ्या राहिलेल्या विद्यार्थी चळवळीने पुढील काही दशकांत सुमारे २० हजार माणसे जगभर पाठवली. त्या मेळाव्यापूर्वी बहीण ग्रेसने त्याच्यासोबत याच हेतूने प्रार्थना केल्या होत्या. वडिलांच्या निधनानंतर आईसोबत परत हिंदुस्थानात आली ती ग्रेसच. ‘ते तिकडून आले आणि आपण फक्त घेत राहिलो’ हे गृहीतक येथे कोसळते. एका जागतिक चळवळीचे एक मूळ पंचगंगेकाठच्या घरात होते.

८/ मिरजेकडे येऊ. आमच्या माणदेशात मोठे दुखणे आले की ‘मिरजेला न्या’ असे म्हणतात, त्यामागे मिशन हॉस्पिटल आहे. विल्यम वानलेस आणि मेरी १८८९ मध्ये आले. मिरजेचे इस्पितळ १८९४ चे, वैद्यकीय शाळा १८९७ ची. मेरी १९०६ मध्ये वारल्या. विल्यम ‘सर’ झाले. सांगलीतील वानलेसवाडी त्यांच्या आडनावाने ओळखली जाते, तर मेरींचे नाव कोल्हापूरच्या इस्पितळावर आहे. त्या दारातून आत जाणाऱ्यांपैकी ‘या मेरी कोण?’ असा प्रश्न कितीजणांना पडतो? स्मारक उभे राहिले, स्मरण राहिले नाही.

९/ या गौरवगाथेत आणखी एक कुटुंब वगळले जाते : देशी उपदेशकाचे. बंगला साहेबाचा, अहवाल साहेबाचा, निर्णयही साहेबाचा. पावसापाण्यात गावोगाव फिरणारा, नातलगांनी टाकलेला, तुटपुंज्या पगारावर संसार ओढणारा मराठी ख्रिस्ती मात्र अहवालात कैकदा नावाशिवायच येतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ही विषमता अंगावर घेतली. १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून ते साताऱ्यास आले आणि ‘देवाचा दरबार’ उभा करू लागले. त्यांचा विरोध ख्रिस्ताला नव्हता, पालकत्व गाजवणाऱ्या मिशनला होता. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ आपण विनोदासाठी वाचतो. मिशनच्या छायेतील देशी संसाराचा तो पहिल्या दर्जाचा ऐतिहासिक पुरावाही आहे.

१०/ आता सर्वांत विखारी शब्द : ‘पोटासाठी बाटलेले’. १८७६-७८ च्या दुष्काळात माण होरपळला. माणगंगेवरचा राजेवाडीचा म्हसवड तलाव हे त्या दुष्काळातील सरकारी काम. तेथे माती वाहून ज्यांनी पोट भरले, त्यांना कोणी ‘इंग्रजाला विकले गेले’ म्हणत नाही. म्हणूही नये. मग मिशनच्या दारी भाकरी खाल्लेल्याच्या पणतवंडाला आज तो टोमणा कशासाठी? उपाशी माणसाने सरकारची भाकरी खाल्ली तर नाइलाज आणि मिशनची खाल्ली तर बेइमानी, हा न्याय कुठला?

११/ दुष्काळात अनाथ झालेल्या मुलांना मिशनने आपल्या धर्मात वाढवले, त्यात त्या मुलांची संमती कुठे होती, हा प्रश्न रास्त आहे आणि तो मिशनला विचारलाच पाहिजे. पण तो विचारताना दुसराही विचारावा : ज्या गावात पाणवठ्यावर पाऊल टाकण्याची मुभा नव्हती, त्या गावाच्या धर्मात राहण्यासाठी तरी महार-मांगांची संमती कोणी घेतली होती? ज्याने दार बंद ठेवले, त्याने बाहेर पडणाऱ्याला ‘गेलास का?’ म्हणून जाब विचारू नये. शिवाय धर्मांतर हा त्या माणसाने विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो, हे मान्य न करणे म्हणजे त्याला बुद्धीच नव्हती असे म्हणणे. देवमाणसाची गोष्ट सांगणारेही नकळत तेच म्हणतात.

१२/ म्हणून मागणी साधी आहे. मिशनचे अहवाल वाचताना सही कोणाची आहे यापेक्षा काम कोणी केले ते शोधा. सातारा-सांगलीच्या गावांतील ख्रिस्ती घरांत ज्या वृद्ध स्त्रिया आहेत, त्यांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत नोंदवून ठेवा. साहेबांची चरित्रे छापून झाली आहेत, या घरांच्या कहाण्या अजून कागदावर यायच्या आहेत. आणि तोवर निदान ‘पोटासाठी बाटलेले’ हा शब्द तरी कोणी तोंडातून काढू नये.