कुस्ती पोरांची, फोटो पुढाऱ्यांचे!

सोलापूर जिल्ह्यांतील शेतकरी, विणकर, सुतार, लोहार बंधु-भगिनींनो, तुमच्या घरचें नांव छापलेलें तुम्हीं शेवटचें कधीं पाहिलें? सोसायटीच्या थकबाकीच्या यादींत तें बिनचूक छापतात. तेथें काना-मात्रेचीहि चूक होत नाहीं. पण तुमचा पोरगा किंवा पोरगी शाळेच्या वतीनें तालुक्याला कुस्ती मारून आली, तर तें शेजारच्या आळीलासुद्धां कळत नाहीं. असें कां होतें, याचा एकदां सोक्षमोक्ष लागला पाहिजे.

आधीं जत्रेच्या फडाची जाहिरात पाहा. पंधरा दिवस अगोदर फाट्यावर फ्लेक्स लागतो. वर साहेबांचा फोटो, त्याखालीं दादांचा, मग भाऊंचा, मग अण्णांचा. ज्यांच्या हाडांवर हा थाट उभा, त्या पहिलवानांचीं चित्रें तळाशीं टपालाच्या तिकिटाएवढीं! पंजाब-हरयाणाचा मल्ल आणावयाचा तर लाखाचा आंकडा ठळक छापतात. गांवच्या पोरांच्या जोड्या मात्र नारळावर लावतात. आम्ही फडाचे वैरी नव्हे. शाहू छत्रपतींनीं कोल्हापुरास खासबागेचें मैदान बांधलें, तें 1912 सालीं पुरें झालें. अगदीं मागें बसलेल्या माणसालाहि कुस्ती दिसावी, अशी तेथील बैठक उतरती ठेवली आहे. छत्रपतींनीं मल्ल दिसावा म्हणून मैदान बांधलें. आमचे पुढारी स्वतः दिसावे म्हणून मैदान भरवितात. एवढाच काय तो फरक!

आतां शाळेची कुस्ती पाहा. चौदा, सतरा व एकोणीस वर्षांखालील असे गट असतात. मुलांचे असतात तसे मुलींचेहि. तालुका, जिल्हा, पुणें विभाग आणि मग राज्य, अशी ही शिडी आहे. सकाळीं वजन होतें, दुपारीं कुस्त्या होतात आणि संध्याकाळीं सारें सामसूम. पाहावयास कोण? दुसऱ्या शाळेचीं पोरें आणि चार शिक्षक. बाप उसाच्या फडांत, आई खुरपणीला. त्यांना तारीखच कोणी सांगितलेली नसते. चार दिवसांनीं बातमी येते, "अमुक विद्यालयाचें घवघवीत यश." मग अध्यक्ष, सचिव व मुख्याध्यापक यांचीं अभिनंदनें, आणि ज्यानें घाम गाळला तो "इत्यादि" या शब्दांत गडप!

कोणी शहाणा म्हणेल कीं, पोरांना प्रसिद्धीची चटक कशाला? महाराज, ही चटक नव्हे, हा भाकरीचा प्रश्न आहे. शालेय स्पर्धेंत वर चढणाऱ्या खेळाडूला दहावी-बारावीच्या परीक्षेंत वाढीव गुण मिळतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठीं 5 टक्के जागा राखून ठेवलेल्या आहेत. जत्रेंतला नारळ कोणत्याहि कचेरींत चालत नाहीं. तेथें प्रमाणपत्र लागतें, आणि त्या प्रमाणपत्राची पहिली पायरी शाळेंतून आहे. ज्या बापाला हें कोणी सांगितलेंच नाहीं, तो पोराला नववींतून काढून कामाला जुंपतो. दोष त्या बापाचा कीं सांगणें ज्यांचें काम होतें त्यांचा? मुलींच्या बाबतींत तर अंधार दुणा आहे. 2023 सालीं सांगलीस महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी हिनें ती जिंकली. हें किती आयांच्या कानांवर गेलें?

ओळख असली म्हणजे काय घडतें, तें खाशाबा जाधवांना विचारा. कराडजवळच्या गोळेश्वर गांवचा हा शेतकऱ्याचा पोर. 1952 सालीं हेलसिंकीस जाण्यास पैसा नव्हता, तेव्हां लोकांनीं वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण टाकलें. त्यांतून स्वतंत्र भारताचें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक आलें. लोक पैका देतात तो डोळ्यांनीं पाहिलेल्या, नांवानें ओळखलेल्या पोराला. करमाळ्याकडील खडकीचे बाला रफीक शेख 2018 सालीं महाराष्ट्र केसरी झाले, तेहि बुलढाण्याच्या नांवावर! गदा आल्यावर हलगी सगळेच वाजवितात. खरी हलगी गदेच्या आधीं लागते.

मग करावें काय? यास साहेबांची मेहेरबानी नको. शाळेच्या दारांत एक फळा ठेवा; त्यावर पोराचें नांव, गांव, वजनगट, कुस्तीची तारीख व ठिकाण आठ दिवस आधीं खडूनें लिहा. चावडीवर व देवळांत तेंच सांगा, गांवाच्या मोबाइल गटावर तेंच धाडा. निघण्याच्या दिवशीं हलगी लावून पोरांना एस.टी.पर्यंत पोंचवा. स्पर्धेच्या जागीं फडासारखा निवेदक उभा करा. आपल्या लोकांस चितपट समजते, मॅटवरचे गुण समजत नाहींत. खालीं पाडून ताबा घेतला तर दोन गुण, हद्दीबाहेर ढकललें तर एक, मोकळ्या कुस्तींत दहा गुणांची आघाडी झाली कीं कुस्ती निकालीं, एवढें कोणी बोलून दाखविलें तर म्हाताराहि उठून जाणार नाहीं. आणि 15 जानेवारीला, खाशाबांच्या जन्मदिवशीं, राज्य क्रीडा दिन असतो. त्या दिवशीं भाषणें बंद ठेवून गांवापुढें शाळेच्या पोरापोरींच्या कुस्त्या लावा.

जत्रा कमिटीलाहि आमचें रोखठोक सांगणें आहे. वर्गणी तुम्ही घरटी घेता, तर फ्लेक्सवर पहिला फोटो त्या घरांतल्या शाळकरी मल्लाचा पाहिजे. तो नसेल तर वर्गणीच्या पावतीवर सही करण्याआधीं प्रत्येकानें विचारावें, "यांत माझें पोर कोठें आहे?" हा प्रश्न दहा घरांनीं विचारला तर साहेबांचा फोटो आपोआप खालीं सरकेल.