सुईचें टोंक आणि प्रयोगवही

प्रयोगवहींत पुस्तकांतील उत्तर आधीं लिहावें व मग त्यास जुळतील असे आंकडे मागाहून रचावे, ही चाल आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत, आणि इतरत्रही, रूढ झाली आहे. पालकांस ती निरुपद्रवी वाटते. गुण तर मिळतातच! आम्हांस तसें वाटत नाहीं. कां, तें एका सूक्ष्म विषयाच्या आधारें सांगतों.

गॅलेना, म्हणजे शिसें व गंधक यांचें चकचकीत खनिज, हा अर्धवाहक पदार्थ होय. त्यांतील बद्ध इलेक्ट्रॉनास मोकळें होण्यास सुमारें 0.4 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, सिलिकॉनांत 1.1 लागते. या पायरीस ऊर्जा-अंतर म्हणतात. याच गॅलेनावर टोंक टेकवून विद्युत्-लहरी टिपण्याच्या युक्तीबद्दल जगदीशचंद्र बोस यांस 1904 सालीं अमेरिकेचें पेटंट मिळालें. पुढें 1974 सालीं खार्कोव्ह येथील यान्सन यांनीं धातूंच्या अशाच सूक्ष्म स्पर्शास मोजमापाचें साधन बनविलें.

मर्म असें कीं, स्पर्श इतका लहान हवा कीं इलेक्ट्रॉन वाटेंत कोठेंही न आपटतां पार जावा. मग जितके व्होल्ट दिले तितकीच ऊर्जा त्यास मिळते, आणि प्रवाहाच्या आलेखांत अंतराच्या जागीं वळण दिसतें. स्पर्श मोठा झाला कीं तेथें उष्णता उत्पन्न होऊन भलतेंच वळण उमटतें. अंतर अरुंद असल्यास फसगत अधिक. इंडियम अँटिमोनाइडाचें अंतर अवघें 0.17, आमच्या वैशाखांतील खोलीची उष्णताच त्यांतील पुष्कळ इलेक्ट्रॉन मोकळे करून ठेवील! म्हणून असें मापन बहुधा कडक थंडींत करितात.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत प्रताप रायचौधुरी व त्यांचे सहकारी यांनीं 2004 सालीं अतिवाहकांवर असे स्पर्श करून दाखविलें कीं, आलेखांतील कांहीं खोल खळगे पदार्थाचे नसून स्पर्श मोठा झाल्याचे असतात. नकोसे म्हणून ते खळगे वहींतून गाळले असते, तर ही गोष्ट कळती ना.

आमच्या विद्यार्थ्यास तारेचा रोध 5 ओहम यावयाचा तो 5.6 आला, तर त्यानें 5.6 च लिहावा. मग स्क्रू घट्ट करून, तार निवूं देऊन पुन्हा मोजावा, आणि दोन्ही आंकडे ठेवावे. सकाळीं शास्त्रपाठांत खोट्या साक्षीविषयींची आज्ञा शिकवावी व दुपारीं ती प्रयोगशाळेंत मोडूं द्यावी, हें आम्हांस शोभत नाहीं. पालकांनीं घरीं “उत्तर बरोबर आलें का?” असें न विचारतां “काय आलें?” असें विचारावें. परीक्षकांनीं अशा वहीस पूर्ण गुण द्यावे. आम्ही तर या वर्षापासून देणार आहों.