नकाशातील न्याय



यंदा दिवाळीच्या सुटीत आमच्या घरी चारही नातवंडे जमली होती. थोरल्या नातवाने संगणकावरील एका खेळासाठी स्वतः नकाशा रचला होता. चार कोपऱ्यांत चार राज्ये, मध्ये अरण्य, सोन्याच्या खाणी आणि एक निद्रिस्त राक्षस. चौघेही आपापल्या यंत्रावरून एकाच वेळी खेळत. परंतु धाकटी नात प्रत्येक डाव हरत असे. तिसऱ्या दिवशी ती रडवेली होऊन म्हणाली, "आजोबा, माझा कोपराच वाईट आहे." थोरला हसला, "तिला खेळताच येत नाही, आजोबा!"

आयुष्यभर बँकेत हिशेब तपासलेल्या माणसाने ही दोन्ही विधाने पुराव्यावाचून कशी मान्य करावीत? मी वही घेऊन बसलो. आपल्या राज्यातून जवळच्या खाणीपर्यंत पोहोचण्यास तिघांना सुमारे २५ सेकंद लागत; नातीला ४०. मग मी जागा बदलावयास सांगितले. त्या कोपऱ्यातून थोरला स्वतःच लागोपाठ ३ डाव हरला आणि गप्प झाला.

अशी नकाशारचना हा केवळ पोरखेळ नव्हे. २००२ साली आलेल्या 'वॉरक्राफ्ट ३' या खेळासोबत नकाशे रचण्याचे साधनही दिलेले होते. त्यावर हौशी खेळाडूंनी घडविलेल्या एका नकाशातून 'डोटा' हा खेळ जन्मला आणि २०१३ साली त्याची स्वतंत्र आवृत्ती निघाली. समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन तळ, त्यांना जोडणाऱ्या तीन वाटा, मधून तिरपी नदी, एवढीच त्याची मूळ मांडणी.

समतोलाचे उदाहरण मी नातवास घरातील जंबूद्वीपाच्या चित्रावरून दाखविले. १ लक्ष योजने व्यासाचे १९० भाग. दक्षिणेस भरतक्षेत्र १ भाग, हिमवान पर्वत २, हैमवत ४, असे दुप्पट होत मध्यभागी विदेह ६४ भाग. तेथून तसेच निम्मे होत उत्तरेस ऐरावत पुन्हा १ भाग. बेरीज नेमकी १९०! भरताच्या वाट्यास ५२६ पूर्णांक ६/१९ योजने, ऐरावताच्याही तितकीच. नातवाने गणकयंत्रावर ताळा केला आणि कौतुकाने चित्राकडे पाहत राहिला.

तथापि हुबेहूब प्रतिबिंब हाच एकमेव मार्ग नाही. 'डोटा'च्या दोन बाजूही तंतोतंत सारख्या नाहीत. एखाद्याची खाण दूर असेल, तर त्याला अरुंद खिंडीचा आसरा द्यावा. खिंडीचे मोल आपल्या जिल्ह्याला सांगावयास नको; १६६० साली घोडखिंडीत मूठभर मावळ्यांनी मोठी फौज रोखून धरली. मात्र खिंड ही एकच वाट ठेवली तर खेळ तेथेच तुंबतो. म्हणून दुसरी, लांबची का होईना, वाट हवी.

हे सांगताना मला माझीच एक चूक आठवली. आतल्या बोळातील एका दुकानदाराची कर्जमर्यादा मी केवळ उलाढाल पाहून वाढवू दिली नव्हती. 'याला धंदा जमत नाही,' असा माझा शेरा होता. पुढे त्याने हमरस्त्यावर गाळा घेतला आणि दोन वर्षांत माझा शेरा खोटा ठरविला. माणूस मी तपासला. त्याची जागा तपासली नाही.

आपण व्यापारी कुटुंबे. भावाभावांत दुकाने वाटताना चौरस फूट मोजतो. पण गिऱ्हाईक कोणत्या दारासमोरून जाते, हे मोजतो का? मग मागे पडलेल्या भावाला 'कर्तृत्व नाही' म्हणणे सोपे जाते.

थोरल्याने एका रात्रीत नकाशा सुधारला. दुसऱ्या दिवशी नात पहिल्याच डावात पुन्हा हरली. या वेळी मात्र ती रडली नाही. "दादा, आणखी एक डाव," एवढेच म्हणाली.