खांदेरीचा डाव आणि मोबाइलवरचे बुरूज

अलिबाग, खास प्रतिनिधी

गेटवेहून सुटलेली लाँच साधारण तासाभरात मांडव्याच्या धक्क्याला लागते. या तासाभरात समुद्राकडे पाहणारे प्रवासी थोडे आणि मोबाइलच्या पडद्यात बुडालेले अधिक, हे दृश्य आता नवे नाही. त्या पडद्यांवरच्या खेळांपैकी एक प्रकार बराच जुना असूनही टिकून आहे. त्याला 'टॉवर डिफेन्स' म्हणतात. शत्रूच्या लाटा एकामागून एक येत राहतात, आपल्याजवळ मोजकी नाणी असतात. त्या नाण्यांत बुरूज उभारायचे आणि शत्रूला पलीकडच्या टोकाला पोहोचू द्यायचे नाही. नियम एवढेच. तरीही माणसे त्यात का रमतात, हा प्रश्न आता केवळ फावल्या वेळेचा राहिलेला नाही.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत रायगड जिल्ह्यातले दोन आहेत, खुद्द रायगड आणि थळच्या समोरचा खांदेरी. पुढच्याच महिन्यात, २२ ऑगस्टला, ऑनलाइन गेमिंगविषयीच्या केंद्रीय कायद्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली. पैसे लावून खेळायच्या खेळांवर त्याने बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स व निव्वळ करमणुकीच्या खेळांना प्रोत्साहन देण्याचे ठरविले. सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने अॅनिमेशन आणि गेमिंग उद्योगासाठीच्या धोरणाला मंजुरी दिली. किल्ले आहेत, प्रोत्साहन आहे. तेव्हा मोबाइलवर किल्ल्यांचे मराठी खेळ येणार, हे सांगायला ज्योतिषी नको. ते खेळावेसे वाटतील काय, हा खरा मुद्दा आहे.

या प्रकाराचा एक पूर्वज १९९० सालचा आहे. अटारी कंपनीच्या 'रॅम्पार्ट' या खेळात किनाऱ्यावरच्या किल्ल्यावर समुद्रातून जहाजे चालून येत, तटबंदी फोडत, आणि दोन हल्ल्यांच्या मधल्या काही क्षणांत खेळाडूला ती पुन्हा सांधावी लागे. अलिबागच्या वाळूत उभे राहून कुलाब्याकडे पाहणाऱ्याला ही कल्पना परकी वाटणार नाही. पुढे २००७ मध्ये 'डेस्कटॉप टॉवर डिफेन्स' आला. त्यात आयती वाट नव्हती. खेळाडूने मांडलेल्या बुरुजांतूनच शत्रूचा चक्रव्यूह तयार होई. चित्रे अगदी साधी होती. तरी तो जगभर खेळला गेला, कारण प्रत्येक बुरूज कोठे ठेवायचा याचा निर्णय सर्वस्वी खेळणाऱ्याचा होता.

आनंदाचे मूळ येथे आहे. गोळीबार तर बुरूज आपोआपच करतात. आपल्या हाती असते ती फक्त जागेची निवड, आणि ती चुकली तर कोठे चुकली हे डोळ्यांसमोर दिसते. २००९ च्या 'प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज'मध्ये कोणत्या जातीचे शत्रू येणार हे फेरीआधीच दाखविले जाते. सूर्यफुले लावली तर पुढे मिळकत वाढते, पण आज अंगणाचे रक्षण कोण करणार? मिळकत की संरक्षण, असा हा घरखर्चासारखा पेच आहे. प्रत्येक रांगेच्या टोकाला गवत कापायचे एक यंत्र असते, ते एकदाच वाचवते. हरणारा खेळाडू नशिबाला दोष देत नाही, 'अक्रोड एक रांग पुढे लावायला हवा होता' असे म्हणतो आणि पुन्हा बसतो. फेरी काही मिनिटांची असते, त्यामुळे धक्का आला की फोन खिशात टाकता येतो.

दिवाळीत मातीचा किल्ला करणाऱ्या मुलांना हे निम्मे सुख ठाऊक असते. तोफ कोठे, मावळा कोठे, दरवाजा कोणत्या अंगाला, यावरून तेथे भांडणे होतात. मात्र त्या किल्ल्यावर कोणी चालून येत नाही (शेजारच्या इमारतीतली मांजर वगळता). टॉवर डिफेन्स तो राहिलेला हल्ला पुरवितो.

आता खांदेरीकडे पाहू. मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या या बेटावर १६७९ च्या पावसाळ्याअखेर शिवाजी महाराजांनी तटबंदीचे काम सुरू करविले. मायनाक भंडारी बेटावर होते. इंग्रजांनी बेटावर हक्क सांगून वेढा घातला. त्यांची जहाजे मोठी, तोफा भारी, पण चाल वाऱ्यावर अवलंबून. मराठ्यांची गलबते लहान आणि उथळ, ती वल्ह्यांवरही चालत. १८ ऑक्टोबरच्या लढाईत दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांचे 'डव्ह' हे गुराब पकडले, पण 'रिव्हेंज' जहाजाच्या तोफांपुढे त्याला मागे फिरावे लागले. तरीही रात्रीच्या अंधारात होड्या वेढ्यातून निसटून बेटावर सामान पोहोचवीत राहिल्या आणि तट चढत गेला. अखेर १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी वेढा आवरता घेतला.

खेळ रचणाऱ्याला यापेक्षा अधिक काय हवे? मोक्याची जागा आहे, सामान तुटपुंजे आहे, शत्रूचे बळ आणि त्याची उणीव दोन्ही स्पष्ट आहेत. शिवाय बांधकाम आणि हल्ला एकाच वेळी चालू आहेत. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते राजधानी रायगडापेक्षा खांदेरी हा खेळासाठी कितीतरी सरस किल्ला आहे. रायगडाची उंची आणि वैभव पडद्यावर शोभून दिसेल, पण दिसणे आणि खेळणे यांत अंतर आहे. केवळ भगवा, तुतारी आणि किल्ल्याचे चित्र लावून ते भरून निघणार नाही.

येथे एक अवघड गोष्ट बोलायला हवी. ज्या खेळात हरता येत नाही तो खेळच नव्हे. खांदेरीच्या खेळात तट ढासळला पाहिजे, होडी बुडाली पाहिजे, इंग्रजांची सरशीही व्हायला हवी. महाराजांचा किल्ला पडद्यावर पडलेला दाखविण्याचे धाडस आजच्या वातावरणात कोणता निर्माता करील? निषेधाच्या भीतीने विजय आधीच ठरवून ठेवला, तर मुले तो खेळ दोन दिवसांत काढून टाकतील. खांदेरीचे यश मोठे वाटते ते अपयश शक्य होते म्हणून.

दुसरा धोका पैशाचा. 'प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज'चा दुसरा भाग २०१३ मध्ये फुकट आला, पण त्यातली काही झाडे रोख पैसे मोजून घ्यावी लागत. जुने चाहते नाराज झाले. अडलेली फेरी पैसे देऊन सुटू लागली, की रचनाकाराला ती मुद्दाम अडविण्याचा मोह होतो, आणि मग आपण जागा चुकलो की आपल्याला चुकविले, हे खेळाडूला कळेनासे होते. नवा कायदा बंदी घालतो ती पैसे जिंकण्याच्या आशेने पैसे लावण्यावर. तोफ विकत घेणाऱ्या मुलाला काहीच परत मिळत नाही, त्यामुळे ही विक्री त्या कायद्याचे लक्ष्य नाही. एकदाच शुल्क घेऊन खेळ देण्याची वाट कायद्याने मोकळी ठेवली आहे. सरकारी प्रोत्साहन द्यायचेच, तर ते आधी या वाटेने जाणाऱ्यांना मिळावे. उरुग्वेसारख्या छोट्या देशातल्या 'आयर्नहाइड' या संस्थेने २०११ मध्ये 'किंगडम रश' काढला. त्यातले मुख्य बुरूज अवघे चार प्रकारचे, पण ते जगभर खेळले गेले.

खांदेरीचा डावही इंग्रज हटल्यावर संपला नाही. जानेवारी १६८० मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारचे उंदेरी बेट ताब्यात घेऊन त्यावर आपल्या तोफा चढविल्या. थळच्या किनाऱ्यावरून पाहिले तर ही दोन बेटे आजही एका नजरेत मावतात.