खंदक नको, दुसरे लुगडेही नको
कलकत्तानिवासी मराठी बंधुभगिनींस अनावृत पत्रक



ज्या शहरात आपण पोटापाण्यासाठी आलो, कोणी बडाबाजारात गलाईची भट्टी घालून, कोणी रेल्वेच्या वा बँकेच्या नोकरीत बदली होऊन, त्या शहराची आपल्या पूर्वजांशी झालेली पहिली ओळख फारशी सुखाची नव्हती, हे आपण जाणताच. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या, तेव्हा कलकत्त्याच्या रहिवाशांनी स्वखर्चाने शहराभोवती सात मैलांचा खंदक खणावयास घेतला. तीन मैल खणून झाले, मराठे शहरावर आलेच नाहीत, काम अर्धवट राहिले, आणि १७९९ साली त्यातला बराच भाग बुजवून त्यावरून सर्क्युलर रस्ता नेण्यात आला. बंगाली आया लेकरांना निजवताना अजूनही 'बर्गी'चे, म्हणजे त्या मराठी स्वारांचे, नाव घेतात. हा पूर्वेतिहास येथे उगाळण्याचे कारण एवढेच, की त्याच सर्क्युलर रस्त्याच्या कडेला, शियालदा स्थानकाजवळ, नीलरतन सरकार रुग्णालय उभे आहे, आणि १० जून २०१९च्या रात्री तेथे जे घडले त्यानंतर या शहराने पुन्हा एकवार खंदकच खणावयास घेतला.

त्या रात्री एका वृद्ध रुग्णाच्या मृत्यूनंतर प्रक्षुब्ध जमावाने दोन तरुण डॉक्टरांना मारहाण केली आणि त्यांतील एकाची कवटी फुटली. बंगालभर आठवडाभर संप झाला, १७ जूनला देशभरच्या डॉक्टरांनी काम बंद ठेवले, त्याच दिवशी मुख्यमंत्र्यांशी बोलणी होऊन संप मिटला, आणि पदरात काय पडले? लोखंडी दरवाजे, पहारेकरी, पासाची पद्धत. या गोष्टी अनावश्यक होत्या असे मी म्हणत नाही. परंतु खंदक हा बाहेरून येणाऱ्या शत्रूसाठी असतो. रुग्णालयात परिचारिकेवर व शाळेत शिक्षिकेवर ज्याचा हात उठतो तो इसम दाराबाहेर नसून खाटेच्या उशाशी किंवा मुख्याध्यापकांसमोरच्या खुर्चीवर, रीतसर परवानगीने, बसलेला असतो. आणि ९ ऑगस्ट २०२४ रोजी राधागोविंद कर रुग्णालयात, छत्तीस तासांच्या पाळीत क्षणभर विसावलेल्या एका शिकाऊ डॉक्टर महिलेवर जो अमानुष अत्याचार व तिची हत्या झाली, त्याबद्दल ज्याला २० जानेवारी २०२५ रोजी जन्मठेप ठोठावली गेली तो मनुष्य कोण होता? पोलिसांच्या हाताखाली काम करणारा स्वयंसेवक. म्हणजे खंदकाच्या राखणदारांपैकीच एक. पुढे १४ ऑगस्टच्या मध्यरात्री शहरातील स्त्रिया निषेधार्थ रस्त्यावर उतरल्या असता त्याच रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाची जमावाने मोडतोड केली, आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तेथे केंद्रीय दल बसवावे लागले. जेथे रोगी बरे करावयाचे तेथे निमलष्करी दलाची छावणी पडते, यास बंदोबस्त म्हणावे की पराभवाची कबुली, हे आपणच ठरवावे.

खंदकाखेरीज आपल्या समाजापाशी दुसरा एक उपाय आहे, आणि तो आपला, अस्सल मराठी आहे. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यातील शाळेत शिकवावयास निघालेल्या सावित्रीबाईंवर लोक शेण व दगड फेकीत, आणि त्या एक जादा लुगडे जवळ बाळगून शाळेत पोचल्यावर ते बदलीत, ही गोष्ट आपण तिसरीच्या पुस्तकापासून पुण्यतिथीच्या भाषणापर्यंत सांगत आलो. मात्र ती सांगताना आपली मान आदराने ज्या दुसऱ्या लुगड्यापुढे लवते, त्या लुगड्याच्या पलीकडचा प्रश्न आपण कधी विचारीत नाही: शेण फेकणाऱ्यांचे काय झाले? कोणी त्यांस अडविले, कोणत्या दप्तरात त्यांची नोंद झाली? आजही परिचारिकेवर कोणी हात उगारला, शिक्षिकेशी कोणी एकेरीवर आले, की तिच्यासाठी 'संयमाने कसे बोलावे' याचा एक वर्ग भरविला जातो, एक चकचकीत पुस्तिका वाटली जाते, आणि वर 'सेवाव्रत' या थोर शब्दाचा अभिषेक होतो. हे सारे दुसरे लुगडे आहे. शेण मात्र चालूच.

सावित्रीबाई शिक्षिका होत्या तशाच अखेरीस परिचारिकाही झाल्या. प्लेगच्या साथीत रुग्णाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणताना त्यांस संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यापूर्वी जेमतेम पाच आठवडे, ४ फेब्रुवारीस, सरकारने साथरोग कायदा जारी केला होता. त्या कायद्यात अंमलदारांवर दावा करता येऊ नये असे कलम होते; परंतु रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या बाईवर कोणी हात टाकल्यास काय, याविषयी एक अक्षर नव्हते. ते अक्षर वटहुकुमाने पडावयास २२ एप्रिल २०२० उजाडावे लागले. मध्ये एकशे तेवीस वर्षे गेली. आणि पडले त्याचे फळ पाहा: वटहुकूम निघून महिनाही लोटला नव्हता, तोच मे महिन्यात कलकत्त्यातील खाजगी रुग्णालयांच्या तीनशेच्या आसपास परिचारिका, ज्यांत मणिपूरच्या मुलींचा भरणा मोठा होता, राजीनामे देऊन गावी निघून गेल्या. साधनांची टंचाई हे एक कारण होते. पण त्यांच्या नाकाडोळ्यांवरून रस्त्यात हेटाळणी होते, लोक अंगावर थुंकतातही, हे त्यांनी सांगितलेले दुसरे कारण होते. ज्या शहरात १८९९च्या प्लेगमध्ये भगिनी निवेदिता, ज्यांनी आदल्याच वर्षी बागबाजारच्या बोसपाडा गल्लीत मुलींची शाळा काढली होती, गटारे उपसत व वस्तीतील रुग्णांपाशी बसत, आणि ज्यांच्या त्या सेवेचे साक्षीदार दस्तुरखुद्द डॉक्टर राधागोविंद कर होते, त्याच शहराची ही कथा. शिक्षण व परिचर्या ही दोन्ही कामे एकाच देहाने करणाऱ्या दोन स्त्रिया, एक पुण्याची व एक या शहराची, आपण पूजेला लावल्या, आणि त्यांच्या लेकींना थुंकीचे धनी केले.

मी स्वतः याच शहरातील एका रुग्णालयात सव्वीस वर्षे परिचारिका होते व माझी थोरली जाऊ शिक्षिका होती, म्हणून दोन्ही घरचे वासे मला ठाऊक आहेत. एकदा रात्रपाळीत, वर बोलावूनही डॉक्टर येईना तेव्हा, एका रुग्णाच्या मुलाने सलाईनचा स्टँड माझ्या अंगावर ढकलला. मनगट सुजले, ते चार दिवसांत उतरले. पण सकाळी वरिष्ठांनी मला लेखी खुलासा करण्यास फर्मावले, की प्रसंग इतक्या थरास का गेला, आणि तो कागद माझ्या दप्तरी अद्याप असेल. जावेच्या शाळेत एका पालकाने शिक्षकांच्या खोलीत शिरून उत्तरपत्रिका टराटरा फाडली; मुख्याध्यापकांनी त्या गृहस्थास चहा पाजला आणि जावेस समजावले, 'बाई, मोठ्या ओळखीचे गृहस्थ आहेत, मनावर घेऊ नका.' उद्दामाला चहा आणि सोसणारीला खुलासा, हा तेव्हाचा शिरस्ता होता. आज तो मोडला असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल?

यावर प्रतिपक्ष तीन आक्षेप घेतो, आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पहिला आक्षेप असा, की ज्याचे माणूस मरते आहे त्याकडून शिष्टाचाराची अपेक्षा करणे क्रूरपणा आहे. मान्य. सुंदरबनातून वा मुर्शिदाबादेतून रात्रीच्या गाडीने बापाला घेऊन आलेला मुलगा, एका रुग्णालयातून 'रेफर' होऊन दुसऱ्यात व तेथून तिसऱ्यात फिरतो, प्रत्येक दारी 'बेड नाही' ऐकतो, आणि दलाल मात्र पैशाच्या बदल्यात तीच खाट देऊ करतो. त्याचा संताप खोटा नाही. येथील रुग्णालयांत त्याला 'पेशंट पार्टी' असे संबोधतात, जणू तो न्यायालयातील विरुद्ध पक्षकारच. पण हा संताप ज्याचा त्याला पोचत नाही. खाटा वाढविणारा मंत्री तेथे नसतो, अधीक्षक बैठकीत असतात, मोठे डॉक्टर फेरी आटोपून गेलेले असतात. उरते ती तोंड दिसणारी एकटी परिचारिका. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकाप्रमाणे अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे व सर्वसाधारण रुग्णालयात पाचांमागे एक परिचारिका हवी. आपण एखाद्या सरकारी वॉर्डात उभे राहून खाटा मोजाव्या, आणि मग टोप्या मोजाव्या. जिच्यापाशी अधिकार नाही तिला अधिकाऱ्याच्या वाटणीची शिवी द्यावयाची, हा अन्यायाचा प्रतिकार नव्हे. अन्याय एक पायरी खाली ढकलणे होय.

दुसरा आक्षेप, की परिचारिका व शिक्षक स्वतःच उर्मट असतात. असतात, मी पाहिले आहेत, आणि थकव्याच्या रात्री मीही तशी बोलले असेन. मास्तरांची छडी तर आपल्या पिढीच्या तळहातांना आठवते. पण छडीचा बंदोबस्त २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने केला: मुलास शारीरिक शिक्षा वा मानसिक छळ करणे निषिद्ध, आणि करील तो शिस्तभंगास पात्र. हे योग्यच झाले, छडी परत द्या असे या पत्रकाचे मागणे नाही. मागणे इतकेच, की जो न्याय मुलाच्या तळहातास लाभला तो शिक्षिकेच्या गालासही लाभावा. उर्मटपणाविरुद्ध फिर्याद असते, थप्पड नसते.

तिसरा आक्षेप सर्वांत गोड आणि म्हणूनच सर्वांत घातक: 'या पेशात थोडे सोसावेच लागते.' रोग्याची विष्ठा, पू, रात्रीची जाग, मरणाऱ्याचा हात हातात धरणे, पन्नास मुलांचा गोंगाट, मंद मुलाला तीच बेरीज विसाव्यांदा समजावणे, हे सोसणे पेशाचे आहे व आम्ही ते पत्करले आहे. वातभ्रमात रोग्याने चावा घेतला तर तोही आम्ही रोगाच्या खाती मांडतो. पण शुद्धीवरच्या, धडधाकट मनुष्याची अरेरावी कोणत्या खाती मांडावी? सोसणे हे वेतनातले कलम नव्हे. आणि लहान उद्धटपणा गिळला की मोठा टळतो, ही समजूत अनुभवाने खोटी ठरली आहे: मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग हिच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयातील सफाई कामगाराने हल्ला केला, आणि पुढे १८ मे २०१५ला ती वारली तोवर जवळजवळ बेचाळीस वर्षे तिच्या सहकारिणींनीच तिची शुश्रूषा केली. सोशिकपणाचे याहून मोठे स्मारक कोठे असेल? आणि इतके सोसूनही, २०२४ साली सर्वोच्च न्यायालयास कलकत्त्याच्या खटल्यात तिचे नाव पुन्हा काढावे लागले.

शिक्षकांविषयी वेगळे सांगावयास हवे, कारण त्यांच्या वाट्याला कायदा आणखीच कमी येतो. यादवपूर विद्यापीठाचे कुलगुरू गोपालचंद्र सेन यांनी अशांततेच्या काळात परीक्षा घेण्याचा आग्रह सोडला नाही, आणि ३० डिसेंबर १९७० रोजी, निवृत्तीच्या आदल्या दिवशी, विद्यापीठाच्याच आवारात त्यांची हत्या झाली. 'घेराव' हा शब्द याच शहराने जगाला दिला. आणि आक्रमक नेहमी जमावच असतो असेही नाही: सर्वोच्च न्यायालयाच्या ३ एप्रिल २०२५च्या निकालाने बंगालमधील पंचवीस हजारांवर शिक्षक व शिक्षकेतर नेमणुका रद्द झाल्या, भरती करणाऱ्यांच्या गैरव्यवहारात प्रामाणिकांचीही नोकरी गेली, आणि ९ एप्रिलला कसबा येथील शिक्षण कार्यालयात दाद मागावयास गेलेल्या शिक्षकांवर लाठ्या पडल्या, एकास पोलिसाने लाथ मारल्याचे दृश्य साऱ्या देशाने पाहिले. ज्या राज्यात सरकारी बूट मास्तरास लाथ मारतो, तेथे पालकाने मर्यादा कोणाकडून शिकावी? वैद्यकीय सेवकांसाठी बंगालात २००९चा व महाराष्ट्रात २०१०चा स्वतंत्र कायदा आहे, आणि त्यांत परिचारिकाही येते. शिक्षकासाठी तसे काही नाही. सरकारी असेल तर लोकसेवक म्हणून थोडे छत्र, खाजगी शाळेत तेवढेही नाही.

म्हणून, खंदक व दुसरे लुगडे या दोहोंच्या ऐवजी, आमचे मागणे पुढीलप्रमाणे आहे:

१. फिर्याद संस्थेची असावी. हल्ला झाल्यापासून सहा तासांच्या आत संस्थाप्रमुखाने स्वतः फिर्याद नोंदवावी, असा आदेश केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने १६ ऑगस्ट २०२४ रोजी काढला आहे. तो प्रत्येक वॉर्डाच्या भिंतीवर बंगालीत, हिंदीत लावावा, आणि हाच नियम शाळांसही लागू करावा.

२. ज्याच्यावर हल्ला झाला त्याच्याकडून प्रथम खुलासा मागण्याची प्रथा बंद व्हावी.

३. वाईट बातमी सांगण्याचे काम एकट्या परिचारिकेवर सोडू नये. ती बातमी जबाबदार डॉक्टरने, बसून, स्वतंत्र जागी सांगावी. पालकांशी बोलताना शिक्षिकेसोबत दुसरा शिक्षक असावा.

४. रुग्णांच्या व पालकांच्या गाऱ्हाण्यांसाठी खराखुरा अधिकारी, रात्रीदेखील, जागेवर असावा. ज्याला दाद मिळते त्याची मूठ सहसा वळत नाही.

५. मानकाप्रमाणे जागा भराव्या. प्राथमिक शाळेत तीस मुलांमागे एक शिक्षक हे कायद्यातच लिहिलेले आहे.

६. २१ जून २०१९ रोजी, नीलरतन रुग्णालयातील संप मिटल्यावर चौथ्याच दिवशी, जिनिव्हा येथे कामाच्या ठिकाणच्या हिंसेविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार क्रमांक १९० संमत झाला. भारताने त्यावर मोहोर उमटवावी.

ही मागणी सरकारकडे व संस्थांकडे. आपणाकडे मागणे याहून साधे आहे. आपले माणूस रुग्णालयात असेल तेव्हा एकाच नातेवाइकाने बोलावे, बाकीच्यांनी बाहेर थांबावे. परिचारिकेचे नाव विचारून त्या नावाने बोलावे. शंका आली तर आवाज न चढविता केसपेपर मागावा व तक्रार लिहून द्यावी. आणि दुसरा कोणी तिच्यावर ओरडत असेल तेव्हा तमाशा न बघता तिच्या बाजूस जाऊन उभे राहावे. हल्लेखोरास जो धाक पहारेकऱ्याचा वाटत नाही, तो चार शांत साक्षीदारांचा वाटतो. शाळेत आपल्या मुलाचे गाऱ्हाणे घेऊन जाण्यापूर्वी एक रात्र मध्ये जाऊ द्यावी.

ज्या शहराने एके काळी आपल्या नावाने खंदक खणला, त्याच शहराने पुढे आपल्याला त्याच्या आत जागा दिली, आपली लेकरे स्वतःच्या शाळांत बसविली, आपल्या म्हाताऱ्यांच्या उशाशी स्वतःच्या लेकी बसविल्या. तेव्हा पुढच्या वेळी वॉर्डाच्या दारात आपला आवाज चढू लागला, तर एवढे ध्यानात असू द्यावे, की आतली बाई आपण बर्गी आहोत की शेजारी, हे त्याच क्षणी ठरवीत असते.

आपली,
एक निवृत्त परिचारिका

कलकत्ता, गणेश चतुर्थी, शके १९४७
(वाचून झाल्यावर कृपया शेजाऱ्यास द्यावे.)