दुखणे अंगावर काढू नका

मानवत परिसरात कापसाची वेचणी बहुतांशी स्त्रियांच्या हातांनी होते. दिवसभर वाकून मिळवलेली मजुरी नवरा काढून घेत असेल आणि हिशेब विचारताच हात उगारत असेल, तर त्यातील मारहाणीलाच आपण हिंसा म्हणतो. ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५’ मात्र मजुरी हिरावून घेण्यासही हिंसाच मानतो. २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू असलेल्या या कायद्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे चारही प्रकार येतात. मुलगा झाला नाही म्हणून घालूनपाडून बोलणे, स्त्रीधन परस्पर विकणे, हेही त्यातच.

या जाचाची नोंद बहुधा शरीर आधी करते. सतत डोके दुखणे, झोप न लागणे, जीव घाबरा होणे, ‘पाय घसरला’ या कारणाशी न जुळणाऱ्या जखमा. हे ओळखूनच २००० साली मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे समुपदेशन केंद्र सुरू झाले. म्हणून डॉक्टरांना खरे कारण सांगा, ते कागदावर नोंदवण्यास सांगा आणि तो कागद विश्वासू व्यक्तीजवळ ठेवा. पुढे तोच पुरावा ठरतो.

मदतीची दारे अशी आहेत. तातडीचा धोका असेल तर ११२. सल्ल्यासाठी महिला हेल्पलाइन १८१. घरात फोन तपासला जात असेल, तर शेजारणीच्या फोनवरून बोला. उपचार, समुपदेशन आणि तात्पुरता निवारा यांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी ‘सखी’ वन स्टॉप सेंटर ही शासकीय योजना आहे. संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल तयार करून दंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात. अर्ज पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा सांगतो. घर स्त्रीच्या नावावर नसले, तरी तेथे राहण्याचा तिचा हक्क कायम राहतो. वकिलाच्या खर्चाची धास्तीही नको. विधी सेवा समितीकडून स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत साहाय्य मिळते. त्यासाठीचा क्रमांक १५१००.

भिंतीपलीकडून रडणे ऐकू येत असेल, तर ‘त्यांच्या घरातले आपण कशाला बोला’ म्हणून गप्प राहू नका. संरक्षण अधिकाऱ्याला माहिती कोणीही देऊ शकतो, आणि सद्हेतूने ती देणाऱ्यावर कायद्याने कोणतीही जबाबदारी येत नाही. मात्र त्याआधी तिला एकटीला गाठून विचारा, तिचे ऐकून घ्या आणि केव्हा, कोणाकडे जायचे, हे तिला ठरवू द्या.