स्टेजवरचा चेहरा आणि वर्गणीचा हिशेब

जयंतीच्या नाटकाची तालीम महिनाभर चालते. संवाद पाठ होतात, पडदा भाड्याने ठरतो, माइकवाल्याला विसार दिला जातो आणि आदल्या संध्याकाळी कुणाला तरी आठवते, मेकअपचे काय? मग वर्गणीतून उरलेल्या चार पैशांत बाजारात मिळेल ते फाउंडेशन येते. ही चूक आमच्या हातून झालेली आहे, म्हणून आज हा विषय.

२०१९ साली आमच्या मंडळाने रमाईंच्या जीवनावर एकांकिका बसवली. हिशेब आमच्याकडे होता. फाउंडेशनसाठी आम्ही शंभर रुपये मंजूर केले आणि स्वतः जाऊन एक ट्यूब आणली, फिकट गुलाबी रंगाची. रमाईचे काम करणारी मुलगी चांगली सावळी, आवाज खणखणीत. पहिला प्रवेश उघडला, दिवे लागले आणि पुढच्या रांगेतल्या एक आजी मोठ्याने म्हणाल्या, "अगं बया, रमाईला पीठ कशापायी फासलं?" मंडपात हशा पिकला. पोर धिराची, एक संवाद चुकली नाही. पण आत आल्यावर पदराने तोंड खसाखसा पुसून रडत बसली. "गोरा रंग स्टेजवर उठून दिसतो" हे तिला आम्हीच सांगितले होते. इतकी वर्षे भाषणे करूनही आमच्या डोक्यात हे खूळ कुठे दडून बसले होते, कोण जाणे!

फिकट फाउंडेशनमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडसारखा पांढरा रंग जास्त असतो. सावळ्या कातडीवर तो राखेसारखा दिसतो, प्रखर दिव्यात आणि फोटोच्या फ्लॅशमध्ये तर अधिकच. स्टेजवर फाउंडेशनचे काम गोरे करण्याचे नाहीच. चेहऱ्याचा रंग एकसारखा करणे आणि नाक-डोळे रंगवायला पाया तयार करणे, एवढेच त्याचे काम. तेव्हा शेड आपल्या कातडीचीच हवी. दिवे फार प्रखर असतील तर किंचित गडद चालते, फिकट नाही.

शेड मनगटावर पाहू नये, हात आणि चेहरा एका रंगाचे नसतात. जबड्याच्या कडेला, गळ्यालगत एक रेघ ओढावी आणि दुकानाबाहेर उजेडात येऊन पाहावी. दुकानातली ट्यूबलाइट फसवते. दहा-पंधरा मिनिटे थांबावे, कारण पुष्कळ फाउंडेशन लावल्यानंतर थोडे गडद होतात. रेघ दिसेनाशी झाली की ती आपली शेड.

आता पैशाचे. दहा कलावंतांना दहा शेड लागत नाहीत. एक गडद आणि एक मध्यम अशा दोन घ्याव्यात आणि स्टीलच्या ताटलीत चमच्याच्या दांड्याने कालवून प्रत्येकाचा रंग जुळवावा. कांडीचे फाउंडेशन तेलकट, पण दाट असते, थोडक्यात चेहरा झाकते. पॅनकेक ओल्या स्पंजने लावतात. तो पुष्कळ दिवस पुरतो आणि चकाकत नाही, मात्र घामाचे ओघळ आले की पट्टे दिसतात. एप्रिलच्या उकाड्यात आम्ही कांडीच्या बाजूचे. वरून त्याच रंगाची कॉम्पॅक्ट पावडर दाबावी. घरातली पांढरी टाल्कम लावली की पुन्हा पीठच! गळा आणि कान विसरू नयेत.

कांडी थेट तोंडावर फिरवू नये. एकाचे पुरळ दहा जणांना द्यायचे नसेल तर खरवडून घ्यावी आणि प्रत्येकाला वेगळा स्पंज द्यावा, तो फोमचा कापलेला तुकडा असला तरी चालतो. आदल्या दिवशी कानामागे ठिपका लावून खाज सुटते का, ते पाहावे. सुटे, उघडे रंग स्वस्त मिळतात, पण घेऊ नयेत. जुन्या काळी कलावंत सफेदा आणि हिंगूळ तोंडाला फासत. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे संयुग, आणि सफेदा पुष्कळदा शिशाचा असे. आज कायद्याने प्रसाधनात ह्यांना बंदी आहे. म्हणून वेष्टनावर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत छापलेली आहे ना, हे वाचावे. खेळ संपल्यावर आधी खोबरेल तेलाने रंग पुसावा, मग साबण.

२०२२ साली तीच एकांकिका पुन्हा केली. ह्या वेळी शेजारच्या वस्तीतल्या मंडळाबरोबर निम्मे-निम्मे करून दोन चांगल्या कांड्या घेतल्या. खर्च मोठा वाटला, पण दोन्ही मंडळांचे सतरा चेहरे मोजले तर माणशी खर्च चहा-वड्याहून फार जास्त नव्हता. दुकानात त्या मुलीलाच नेले होते. तिने तीन रेघा ओढल्या, बाहेर रस्त्यावर आरसा धरून पाहिल्या आणि मधली निवडली. आम्ही फक्त पैसे दिले.

उरलेल्या कांड्या कोरड्या डब्यात ठेवल्या आणि त्यांची मुदत हिशेबाच्या वहीत वर्गणीच्या नोंदीखालीच लिहून ठेवली.